सीवर्डच्या चार जुलैसाठी

प्रिय काकू,

सा. न. आई-बाबा कराडला सुखरूप पोचले. फोनवर दोघंही आधी तुमच्याबद्दलच बोलले, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय.

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आम्हा दोघांचीही ड्यूटी होती. सुट्टीच्या दिवशी आई-बाबा लिंकन शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटे बसणार, याची मला टोचणी लागली होती. तुम्ही त्यांना तुमच्या सूनबाईंच्या माहेरी, सीवर्डला नेलंत. नेब्रास्कातलं हे लहानसं गाव १८६८पासून हा दिवस साजरा करतंय, आणि १९७९ साली अमेरिकी काँग्रेसने त्याला छोट्या शहरांमधलं चार जुलैचं अधिकृत शहर ठरवलं. तिथे नेऊन नुसतं खुर्चीत बसवलं असतंत, तरी मी आभार मानलेच असते. पण तुम्ही आदल्या दिवशी आईला फोन केलात: "वहिनी, विहीणबाईंच्या अंगणात सगळा गोतावळा जेवायला असतो. तुमची कांदाभजी हवीत." इथे आल्यापासून 'मी काय करू?' विचारत फिरणारी आई त्या संध्याकाळी बेसन, ओवा, झारा पिशवीत भरत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या घाण्याभोवती पोरांची रांग लागली म्हणे!

बाबांचं तर काय सांगू. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलेला माणूस. मिरवणुकीत बँड, अग्निशमन दलाच्या गाड्या, पोरांवर उधळलेल्या गोड गोळ्या हे सगळं त्यांनी पाहिलं. पण ते रमले जुन्या ट्रॅक्टरांत. तुमचे व्याही मक्याची शेती करणारे, बाबांना इंग्रजी बेताचं. उन्हात मधे उभं राहून तुम्ही कार्ब्युरेटरपासून उसाच्या ट्रॉलीपर्यंत सगळं इकडचं तिकडे सांगत राहिलात. तेवढा धीर मला मुलगी असूनही राहत नाही.

हॅरल्ड डेव्हिसन या फर्निचर दुकानदाराने नातवंडांना आपला काळ कळावा म्हणून १९७५ साली तिथे जमिनीत प्रचंड कालपेटी (टाइम कॅप्सूल) पुरली, त्यात अख्खी शेव्हर्ले व्हेगा मोटार ठेवली, हेही बाबांना तुमच्यामुळेच कळलं. आता ते कराडात भेटेल त्याला ती गोष्ट सांगतायत.

काकू, मनापासून आभार. आईने विहीणबाईंसाठी मेतकूट ठेवलंय, सोबत मऊभाताची कृतीही. शनिवारी घेऊन येते.

तुमची,
कराडची लेक