चर्चगेटमधले ‘चर्च’ आजही प्रार्थनेचे घर आहे

महोदय,

दक्षिण मुंबईतील जुन्या वास्तू पायी हिंडून पाहण्याच्या रविवारच्या फेऱ्यांना अलीकडे चांगली गर्दी होते आणि आपल्या दैनिकातूनही त्यांची माहिती वेळोवेळी येते. मी स्वतः अशा फेऱ्यांना आवडीने जातो. गेल्या महिन्यात फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये जे पाहिले, ते मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

आमचा पंचवीस-तीस जणांचा गट आत शिरला तेव्हा उपासना चालू होती. मागच्या बाकांवर शांत बसणे किंवा तासाभराने परत येणे सहज शक्य होते. पण आमच्यातील काही जण मधल्या वाटेने थेट वेदीपर्यंत गेले, एकाने पायरीवर चढून रंगीत काचांच्या खिडकीचे छायाचित्र घेतले, आणि माहिती सांगणाऱ्यांनी आवाज जराही न उतरवता आपले सांगणे चालू ठेवले. गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या एका वृद्ध बाईंनी डोळे उघडून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. आम्हाला कोणी काही बोलले नाही. मीही आमच्यापैकी कोणाला थांबवले नाही, याची मला खंत वाटते.

हीच माणसे देवळाच्या गाभाऱ्यासमोर अशी वागली नसती. मग येथेच असे का व्हावे? मला वाटते, देवळाच्या दारात चपला काढताना आपण कोठे जात आहोत याची आठवण आपोआप होते. चर्चमध्ये पादत्राणे काढावी लागत नाहीत, बसायला बाके असतात, भिंतींवर संगमरवरी शिल्पे असतात, आणि त्यामुळे आपण एखाद्या संग्रहालयात आल्यासारखे वावरू लागतो. ज्यांना या जागेची सवय नाही, त्यांनी उंबरठ्यावर क्षणभर थांबून फोन बंद करावा, टोपी काढावी. चपला काढण्याचे काम तेवढ्याने होते.

या वास्तूचे वय आणि तिचा उपयोग वेगळे काढता येत नाहीत. पाया १६७६ मध्ये घातला गेला, भिंती थोड्या वर आल्या आणि काम जवळजवळ चाळीस वर्षे अपुरे पडून राहिले. रिचर्ड कॉब या धर्मगुरूंनी ते पुन्हा हाती घ्यायला लावले, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी येथे उपासना सुरू झाली. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे येत, तो चर्चगेट. तट १८६० च्या दशकात पाडले गेले, दरवाजाही गेला, पण ते नाव आपण लाखो जण रोज लोकलमध्ये उच्चारतो. १८३७ मध्ये मुंबईला पहिले बिशप, म्हणजे विभागाचे प्रमुख धर्मगुरू, मिळाले आणि या चर्चचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचे मुख्य चर्च, झाले. जीर्णोद्धारानंतर २००४ मध्ये युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागाच्या वारसा संवर्धन पुरस्कारांत त्याची दखल घेतली. परंतु या जागेला तीनशे वर्षे जिवंत ठेवले ते दर रविवारी येथे येणाऱ्या माणसांनी.

भिंतींवरील स्मृतिशिला तर प्रत्येकाने वाचाव्यात. गव्हर्नर जोनाथन डंकन १८११ मध्ये मुंबईतच वारले. बनारस आणि काठेवाड भागांतील बालहत्येची चाल थांबवण्यासाठी त्यांनी केलेल्या प्रयत्नांची नोंद त्यांच्या स्मारकावर आहे. त्यापुढे उभे राहिले की इतिहासाच्या पुस्तकातले नाव एकदम जवळ येते. इतर शिलांवर तरुणपणी येथे येऊन वारलेल्यांची नावे आहेत. त्यांच्यावर हात टेकून स्वतःचे फोटो काढणे मला तरी पाहवले नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. उपासनेच्या शेवटी लोक रांगेने वेदीपाशी जातात ते प्रभुभोजनासाठी. ती भाकर आणि द्राक्षरस म्हणजे सर्वांना वाटला जाणारा प्रसाद नव्हे. बाप्तिस्मा घेतलेल्या श्रद्धाळूंचा तो संस्कार आहे. पाहुण्याने त्या वेळी आपल्या जागीच बसावे. त्यात अपमान नाही. इतर लोक उभे राहिले की आपणही उभे राहावे, गुडघे टेकले नाहीत तरी चालते. मात्र बाकांपुढे गुडघे टेकण्यासाठी जी गादी किंवा फळी असते, तिच्यावर पाय ठेवू नयेत.

फेऱ्या आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी चर्चच्या कार्यालयात आधी विचारून वेळ ठरवावी, गट लहान ठेवावा, माहिती बाहेर आवारात सांगून मगच आत जावे आणि निघताना दानपेटीची आठवण करून द्यावी. एवढ्या जुन्या छपराची देखभाल फुकट होत नाही. आणि आपल्याला विनंती अशी की, अशा वास्तूंवरील लेखासोबत पत्ता आणि जवळचे स्थानक छापता, त्याच चौकटीत उपासनेच्या वेळाही छापाव्यात.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई