वहीचं शेवटचं पान

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, काढूनच टाक ना, या वयात काय फरक पडतो?" मी "बघू" म्हणून फोन ठेवला. रागावले नाही. तू घाबरलायस हे आवाजावरूनच कळत होतं. पण फरक पडतो, आणि ते मला तोंडी सांगायला जमलं नसतं.

स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट समजावून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय जपायचंय?" मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. त्या म्हणाल्या, घरी जाऊन लिहून आणा.

वहीच्या शेवटच्या पानावर आधी लिहिलं, 'बरं व्हायचंय'. मग खोडलं. सगळेच उपचार त्यासाठी, मग त्यावरून निवडणार काय? पेनाचं टोपण चावत बराच वेळ बसले आणि लिहिलं, 'यांना पलंगावरून खुर्चीत बसवता आलं पाहिजे.' अर्धांग झाल्यापासून बाबांचा सगळा भार माझ्या डाव्या खांद्यावर येतो. गाठही डावीकडेच. काखेतल्या ग्रंथी, म्हणजे कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो त्या, सरसकट काढल्या तर हात सुजण्याचा, खांदा आखडण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी पहिल्या दोन-तीनच काढून तपासायच्या ठरल्यात.

दुसरी ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. 'स्तन राहत असेल तर हवा आहे.' मुलाला हे लिहिताना संकोच वाटतो, पण अडुसष्टाव्या वर्षीही अंग माझंच आहे रे. आंघोळीच्या वेळी आरशात मीच असते.

हा हट्ट जिवावर बेतणारा असता, तर मी ती ओळ खोडलेलीच ठेवली असती. पण बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत १९७६ पासून हेच तपासलं: काही जणींचा पूर्ण स्तन काढला, काही जणींची फक्त गाठ काढून किरणोपचार दिले. वीस वर्षांचा निकाल २००२ साली आला; जगण्यात फरक दिसला नाही. माझी गाठ दीड सेंटिमीटरची, म्हणजे तेवढीच काढता येईल.

किरणोपचारांवरून मात्र माझं आणि वहीचं भांडण झालं. पासष्टीपुढच्या, हार्मोनला दाद देणाऱ्या लहान गाठी असलेल्या, ग्रंथी स्वच्छ निघालेल्या बायकांमध्ये, हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, किरण न घेता दहा वर्षांत शंभरातल्या नऊ-दहा जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ येते. घेतल्यावर जेमतेम एकीला. आयुष्य दोन्हीकडे सारखंच. दुसरी एखादी या आकड्यांवर किरण नको म्हणेल, आणि तिचंही बरोबर असेल. मी घेणार आहे. पुन्हा ऑपरेशन म्हणजे बाबांना पुन्हा दुसऱ्याच्या हाती सोपवणं, ते मला नकोय. शिवाय आता आठवड्याभरात पाच वेळा दिले तरी चालतं म्हणे.

हार्मोनची गोळी पाच वर्षं. सांधे दुखतील, हाडांवर लक्ष ठेवावं लागेल. चालेल. केमोचं ऑपरेशननंतर कळेल. लागलीच तर कुठलं औषध, हे मी विचारणार आहे, कारण काहींनी बोटं बधिर होतात आणि बाबांच्या शर्टाची बटणं मीच लावते. ग्रंथीत काही निघालं तर ही पानभर यादी पुन्हा लिहायची, तेही डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलंय.

आता तुझं काम. ऑपरेशननंतर काही आठवडे मला जड उचलायचं नाही. दोन दिवस आधीच ये, म्हणजे बाबांना उठवायचं कसं ते दाखवते. गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही. हात त्यांच्या काखेखालून पाठीमागे न्यायचे आणि "चला" म्हणून थांबायचं. ते स्वतः थोडा जोर लावतात, तो येईपर्यंत ओढायचं नाही.

तुझी,
आई