जिभाऊ, तुमचा पाना माझ्याकडेच राहिलाय

ती. जिभाऊ,
सा. न.

तुमचं खरं नाव मी विचारलंच नाही. चोपडा रस्त्यावर फाट्याच्या निंबाखाली तुमची लोखंडी पेटी, पंक्चर बघायची पाण्याची परात, आणि येणारा-जाणारा जो तो तुम्हाला 'जिभाऊ' म्हणणारा. मीही तेच म्हटलं. तुमचा नातू दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून असतो असं तुम्ही वैतागून सांगत होतात. आज त्याचा उपयोग होऊ द्या, त्यानेच हे वाचून दाखवावं.

मी तो काळ्या सायकलीवाला मास्तर. सायकल वडलांची. प्रताप मिलच्या पाळीला ते हिच्यावरूनच जायचे. नंतर कित्येक वर्षं ती मागच्या पडवीत पोत्यांखाली होती. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन भरलं आणि गावात मोटरसायकल लावायला जागा मिळेना, म्हणून काढली. पुसली, टायर-ट्यूब नवे टाकले, आणि मग सोडवेना. शाळेतही तिच्यावरच जाऊ लागलो.

त्रास फक्त सीटचा होता. चार-पाच किलोमीटर झाले की सीटचं नाक खाली. मग माणूस पुढे घसरतो, सगळा भार मनगटांवर येतो आणि बोटांना मुंग्या. तीन ठिकाणी दाखवली. तिघांनीही आवळून दिली. एकाने पान्याला पाइप लावून आवळली, एकाने वर ग्रीस थापलं, 'आता गंज नाही लागणार' म्हणून. घरी मी स्वतः ट्यूबचा तुकडा मध्ये घालून पाहिला. शहाणपणाच तो. रबर दबलं आणि दुसऱ्या दिवशी सीट आणखी डुलायला लागली.

त्या दिवशी तुमच्यापाशी थांबलो तेव्हा मी पाना मागितला होता, आणखी एकदा आवळायला. तुम्ही पाना दिला नाहीत. सीट हाताने वर-खाली हलवून पाहिलीत आणि म्हणालात, "नट घट्ट शे, पन शीट घट्ट नही शे." मला ती गंमत वाटली. मग तुम्ही दोन्ही नट काढून सीटला दांडीवर धरणारी क्लिप माझ्या तळहातावर ठेवलीत.

तिच्यातल्या गोल चकत्यांवर दाते असतात, एकीचे दुसरीत बसतात आणि त्यांच्यावरच सीटचा कोन टिकतो, हे मला माहीत नव्हतं. दिसत तर काहीच नव्हतं. लाल माती आणि ग्रीस मिळून काळा लगदा झालेला. तुम्ही बाटलीतल्या पेट्रोलने चिंधी भिजवून तो पुसलात तेव्हा खालचे दाते दिसले, अर्धेअधिक झिजलेले. "आवळी आवळी तूच मारी टाकं त्याले," म्हणालात. दाते नीट बसलेले नसताना वरून जोर लावला की ते एकमेकांना खातात, हे तेव्हा कळलं.

नंतरचं मी शाळेतल्या पोरांनाही सांगितलंय. दाते झिजले तशा चकत्या आत सरकल्या, म्हणून नट बोल्टवर जास्त पुढे जायला लागला आणि आटे संपले तिथे अडकला. हाताला घट्ट लागतो, पण क्लिपला धरतच नाही. पाइप लावून आवळणाऱ्याने सगळा जोर त्या बोल्टवरच घालवला होता. तुम्ही पेटीतून एक जाड वायसर काढून नटाखाली घातलंत आणि नटाला पुन्हा आटे मिळाले. एका वायसरचं काम होतं, जिभाऊ. मी वर्षभर मनगटं चोळत होतो.

तिकोनी कानस घेऊन एकेक दाता कोरायला तुम्हाला अर्धा तास तरी लागला असेल. मधे एक ट्रॅक्टरवाला हवा भरायला आला, त्याला तुम्ही "बठ जराक" म्हणून बसवून ठेवलंत. तो गेला नाही. सीट डावी-उजवीकडेही फिरत होती, त्यासाठी थंड पेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून दांडीला एकच वेढा दिलात. मी दोन म्हटलं, तर तुम्ही फक्त माझ्याकडे पाहिलंत.

सायकल सिमेंटच्या ओट्यावर चढवलीत, सीटवर लाकडी पट्टी, पट्टीवर माझी अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी. पाण्याची रेघ सरळ होईपर्यंत सीट वर-खाली. मग दोन्ही नट आलटून-पालटून, थोडा हा, थोडा तो. शेवटी खडूने नटावरून क्लिपवर एक रेघ ओढलीत. नट हलला तर रेघ तुटेल.

पैशाला हात लावला नाहीत. "धा किलोमीटर चालाव, मंग परत आवळ," म्हणत १४-१५ चा पाना माझ्या पिशवीत टाकलात. तापीच्या पुलावर उतरून बघितलं. रेघ जागेवर होती, तरी पाव फेरा आवळला गेला. तुम्ही म्हटलं तसंच.

त्याला आता तीन महिने झाले. नाक खाली गेलेलं नाही. मेच्या उन्हात ४४ अंशांतसुद्धा गेलो-आलो, बोटांना मुंग्या नाहीत.

पाना द्यायला दोनदा येऊन गेलो. निंबाखाली पेटी नव्हती. समोरचा चहावाला म्हणाला, लेकीकडे शहाद्याला गेलेत, पाऊस पडला की येतील. पान्याला मी तेलाचा हात दिलाय आणि तो सायकलच्या पिशवीतच ठेवलाय. येता-जाता निंबाकडे बघतो. पेटी दिसली की उतरतो. सौ.ने तुमच्यासाठी कळण्याच्या पिठाची पुरचुंडी बांधून ठेवली आहे, तीही आणतो.

तुमचा,
काळ्या सायकलीवाला मास्तर
अमळनेर