आधी गादी कोरडी करा, मग ओवा-लसूण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परतीचा पाऊस लागला की सोलापूर जिल्ह्यातल्या गावरान आणि सेंद्रिय कोंबडीपालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच प्रश्न फिरू लागतो: पिलांना रक्ती हगवण लागलीय, अँटिबायोटिक न देता काय द्यायचं? उत्तरादाखल ओवा, लसूण, ताक सुचवलं जातं आणि एखाद्या हर्बल बाटलीचा फोटो येतो. यातलं बरंचसं उपयोगाचं आहे, पण ते शेवटी करायचं काम आहे. सुरुवात गादीपासून (शेडमध्ये जमिनीवर पसरलेला तुसाचा थर) आणि पाण्यापासून केली नाही तर पिलं हातची जातात.

रक्ती हगवण कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवीमुळे होते. विष्ठेतून पडलेले त्याचे बीजकोश ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गाला तयार होतात, आणि नेहमीच्या जंतुनाशकांना ते दाद देत नाहीत. ताकातले जिवाणू इथे फारसे कामी येत नाहीत. कॉक्सिडियाने आतडं सोललं की तिथे प्रथिनं झिरपतात, त्यावर क्लोस्ट्रिडियम हा जिवाणू माजतो आणि दुसरा आजार पाठोपाठ येतो. म्हणून गादी कोरडी ठेवणं हाच दोन्हींवरचा पहिला इलाज.

भाताचं तूस किंवा भुईमुगाची टरफलं पावसाळ्यात चार इंच तरी पसरावीत. मूठभर गादी दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे, भुरभुरत सुटली तर ठीक. ही परीक्षा शेडच्या मध्यावर न घेता पाण्याच्या भांड्याखाली घ्या, कारण आजार तिथूनच पसरतो. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीइतकी उंच हवी आणि पिलं वाढतील तशी ती वर घ्यावी. खाली जाळीचा चौथरा ठेवला तर सांडलेलं पाणी गादीत मुरत नाही. भिजलेली गादी नुसती उलथू नका, उचलून बाहेर टाका आणि कोरडी भरा. चुन्याची फक्की मारायची तर पडदे उघडून मारा. चुन्याने अमोनिया एकदम सुटतो आणि पिलांचे डोळे चुरचुरतात.

आता जिवाणू, म्हणजे साल्मोनेला, ई. कोलाय वगैरे. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवलं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिलाला पहिल्याच दिवशी दिले तर साल्मोनेलाला आत ठाण मांडायला जागा उरत नाही. हॅचरीतल्या पिलाला आईचा सहवासच नसतो, म्हणून प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणू) द्यायचं ते पहिल्या दिवसापासून. ताज्या, बिनमिठाच्या, लोणी काढलेल्या ताकाला तितकी ताकद नाही, पण मदत होते. लिटरभर पाण्यात ५० मिली, उघड्या भांड्यात, दोन-तीन तासच. जास्त दिलं तर दुधातली साखर न पचून पातळ शी होते आणि गादी पुन्हा ओली. निपलच्या (चोचीने टोचून पाणी पिण्याच्या) नळीत ताक कधीही सोडू नये, आत बुळबुळीत थर धरतो.

पिण्याच्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून व्हिनेगर घालायचं ते लिटरला ५ मिलीपासून सुरू करावं. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी जड (क्षारांचं) असतं, ते आम्ल गिळून टाकतं. म्हणून पीएच पट्टीने बघा: साडेचार ते साडेपाच हवा, चारच्या खाली गेला तर पक्षी पाणी कमी पितात. पत्र्याची भांडी झिजतात, प्लास्टिकची वापरा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि व्हिनेगर एकत्र कधीच करू नका, क्लोरीन वायू सुटतो.

खाद्यात आपली पांढरी ज्वारी मोलाची आहे. गव्हामुळे आतड्यात चिकटपणा वाढतो आणि क्लोस्ट्रिडियमला ते मानवतं, ज्वारीचं तसं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून एकूण खाद्याचा दहावा हिस्सा अख्खी ज्वारी आणि सोबत बारीक खडी दिली तर गिझार्ड (धान्य दळणारं पोट) बळकट होतं, तिथली आम्लता वाढते आणि बरेच जंतू तिथेच मरतात. शेंगदाणा पेंडीला मात्र बुरशी लवकर लागते. वास आला की टाकून द्या, बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिन पक्ष्याची प्रतिकारशक्तीच खातं. धान्याच्या कोठीत उंदीर असतील तर त्यांच्या लेंड्यांतून साल्मोनेला खाद्यात उतरतो.

एवढं झाल्यावर ओवा. त्यातला थायमॉल जिवाणूंवर चालतो. किलो खाद्याला ५ ग्रॅम पूड पुरे.

एवढं करूनही विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. सेंद्रियच्या नावाखाली पक्षी मरू देणं क्रूरपणा आहे. औषध दिलेले पक्षी प्रमाणन संस्थेने ठरवलेली मुदत संपेपर्यंत सेंद्रिय म्हणून विकू नयेत, इतकंच. खाद्यासाठीच्या प्राण्यांत कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर केंद्राने २०१९ मध्ये बंदी घातली आहे, जुनी पाकिटं कोणी दिली तर घेऊ नका.

पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे की प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात कोंबडीच्या विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हावी, आणि हर्बल बाटल्यांवर घटक व त्यांचं प्रमाण छापणं सक्तीचं व्हावं.

— काही सेंद्रिय कुक्कुटपालक, सोलापूर