शिमग्याच्या खेळ्यांतल्या विनोदाबद्दल

सर्व खेळ्यांना नमस्कार. तालमी रंगात आल्यात. संकासुर, मावशी या विनोदी सोंगांनी आयत्या वेळी पदरचं घालावंच, त्याशिवाय नमन (आपला शिमग्याचा खेळ) कसलं! पण जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर कोसळलेली दरड यांवर कोटी नको. परवा ‘पुरात सासू गेली, सुटलो’ असं झालं. पोरं खिदळली, पण मृदंगवाल्या काकांचा हात तिथेच थांबला. त्यांच्या बहिणीचं घर चिपळूणच्या बाजारपेठेत आहे.

पुढाऱ्यांची, पंचनाम्यांची, मुंबई-गोवा हायवेची हवी तेवढी टर उडवा (तिथे माल संपणार नाही). बुडालेल्या माणसांची नको. नवीन वाक्य आधी तालमीत म्हणून दाखवायचं. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलंय, त्या अंगणात मानकऱ्यांना विचारूनच सोंग काढायचं.

– सचिव