वारसा जपायचा तर शेजाऱ्यांना धंदाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धाराच्या बातम्यांत खर्चाचा आकडा असतो, दगड-चुन्याची माहिती असते. त्या वास्तूला लागून राहणाऱ्यांचं पुढे काय, हे क्वचितच वाचायला मिळतं. वारसा जतनाच्या प्रत्येक आराखड्यात स्थानिकांच्या व्यवसाय-प्रशिक्षणासाठी वेगळी तरतूद हवी, तीही पहिल्याच अंदाजपत्रकात, असं मला कळकळीने वाटतं.

इटलीतल्या नेपल्सचं उदाहरण घ्या. सानिता ही वस्ती बेरोजगारी आणि गुन्हेगारीमुळे बदनाम. तिथेच सान जेन्नारोची प्राचीन भुयारी दफनस्थळं आहेत. २००६ साली वस्तीतल्याच तरुणांनी ‘ला परांझा’ ही सहकारी संस्था काढून भुयारांची देखभाल आणि लोकांना ती दाखवण्याचं काम हाती घेतलं. वर्षाला जेमतेम काही हजार लोक यायचे, ते पुढे लाखाच्या वर गेले. उत्पन्न वाढलं तसा हिश्शाचा प्रश्न आला. २०१८ मध्ये तिकिटांच्या पैशांतला निम्मा वाटा, ही भुयारं ज्याच्या अखत्यारीत येतात त्या व्हॅटिकनकडून मागितला गेला आणि मोठा वाद झाला. कोणाला किती मिळणार आणि दुरुस्तीसाठी किती राखून ठेवायचं, हे कामाच्या आधीच कागदावर यायला हवं. करारनामा नीट वाचून त्यावर बोलता येणं हासुद्धा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

दोन दिवसांची कार्यशाळा आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढ्याने भागत नाही. मातीच्या प्रतिकृती घडवणाऱ्या बाईला किंमत विचारली, तर ती माती, रंग आणि भट्टीचं जळण धरते. घडवण्यात गेलेले तास धरत नाही, भट्टीत तडकलेले नग धरत नाही, वाटेत फुटणारे तर नाहीच. मग व्यापारी सांगेल तो भाव तिला बरा वाटतो. वहीच्या एका पानावर हे सगळे रकाने मांडून तिच्याकडूनच भरून घेतले, की घासाघीस करताना कुठे थांबायचं ते तिला कळतं. घरखर्चाचे आणि धंद्याचे पैसे वेगळे ठेवणं, आगाऊ रक्कम मागणं, झेपणार नाही अशी ऑर्डर नाकारणं, हे सगळं सरावाने येतं. त्यासाठी निदान वर्षभर कोणीतरी सोबत हवं.

पेरूतल्या पाचाकामाक या प्राचीन स्थळाजवळच्या महिलांचा ‘सिसान’ हा गट असाच उभा राहिला. कच्छमध्ये २००५ साली सुरू झालेल्या कलारक्षा विद्यालयाने पारंपरिक कारागिरांना रंगसंगतीबरोबर बाजारपेठही शिकवली. यामुळे वारशाचं बाजारीकरण होतं, असा आक्षेप घेतला जातो. पण बाजार तर आधीपासूनच आहे, आणि त्यात बहुतेकदा बाहेरचा माल विकला जातो. कोणतं नक्षीकाम विकायचं आणि कोणतं नाही, हे ठरवायचा हक्क ज्यांची ती कला आहे त्यांच्या हाती यावा.

सगळी भिस्त पर्यटकांवर ठेवणं मात्र धोक्याचं आहे. २०२० मध्ये करोनामुळे दारं बंद झाली तेव्हा जगभरातल्या अशा गटांची कमाई एका झटक्यात थांबली. म्हणून दुसरी वाट हवी, आणि ती वास्तूच्या दुरुस्तीतच आहे. चुन्याचा गिलावा, दगडी बांधकाम, जुनं लाकूडकाम येणारे गवंडी-सुतार एकत्र आले तर देखभालीचं कामच त्यांचा धंदा होऊ शकतो. पण उलाढालीची अट आणि अनामत रक्कम त्यांना निविदेच्या दारातच अडवते. काम मोठ्या कंत्राटदाराला जातं आणि हेच कारागीर त्याच्याकडे रोजंदारीवर राबतात. लहान कामांसाठी या अटी शिथिल कराव्यात आणि गटाची नोंदणी करण्यापासून निविदा भरण्यापर्यंत सगळं शिकवावं.

ज्याचं घर त्या वास्तूवर चालतं, त्याला भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप तपासणीच्या कितीतरी आधी दिसतं. जागतिक वारसा समितीने २००७ साली स्थानिक समुदायांचा सहभाग आपल्या मुख्य उद्दिष्टांत घेतला. आराखड्यांतल्या पैशांच्या रकान्यात तो अजून फारसा दिसत नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यापुढे जीर्णोद्धाराची बातमी करताना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: किती स्थानिकांना हिशेब आणि व्यवसायाचं शिक्षण मिळालं, आणि देखभालीचं कंत्राट कोणाच्या नावावर आहे?

आपला,
एक नियमित वाचक