काका, हेड आधी बघायला शिकवलंत

ती. स्व. काकांना
सा. न. वि. वि.

माझ्या १९७९च्या शेवरोले पिकअपचं इंजिन परवा सुरू झालं. फोनवर आभार मानले, पण मन भरलं नाही. शिवाय आपल्यातलं आणखी कोणी असं इंजिन उघडून बसलं असेल तर त्यालाही उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

जानेवारीत तुमच्या गॅरेजमध्ये आलो तेव्हा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ठरवूनच आलो होतो. ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो) २३४ अंश, लिफ्ट (तो किती उघडतो) ४८८ थाउ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. एका गाडीचं उभी असताना तसलं धडधडणारं आयडल ऐकलं होतं आणि अगदी तेच हवं होतं. तुम्ही कॅमचा विषयच काढला नाहीत. "हेड कुठलं बसवतोयस?" एवढंच विचारलंत.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण, होतं व्होर्टेक, १९९६ पासून शेवरोलेच्या ट्रकमध्ये आलेलं. हवा-पेट्रोल आत नेणारा इनटेक पोर्ट फार चांगला, पेट्रोल जळायचा चेंबर ६४ सीसीचा, पण लिफ्टला जागा कमी. ते तुम्ही तोंडी सांगितलं नाहीत, माझ्या हातून मोजून घेतलंत. व्हॉल्व्हची मूळ स्प्रिंग काढून हलकी घातलीत, डायल गेज लावलात आणि व्हॉल्व्ह हळूहळू दाबायला सांगितलंत. काटा ५००वर आला आणि स्प्रिंग धरून ठेवणारा रिटेनर खालच्या सीलला टेकला. आवाज काहीच नाही, बोटांना नुसतं कळलं की आता पुढे वाट नाही. "यातले पन्नास थाउ सोडायचे. उरले किती?" साडेचारशे. मी ठरवलेल्या कॅमला जेमतेम १२ थाउ उरत होते. सील आणि व्हॉल्व्ह ज्यात सरकतो तो गाइड दोन्ही गेलं असतं, आणि हे मला रस्त्यावर कळलं असतं.

मग धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये बोट घालायला लावलंत. इनटेकच्या मानाने तो कमजोर, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह १० अंश जास्त उघडा ठेवायचा. ट्रकने ट्रेलर ओढायचा, म्हणजे ताकद खालच्या आरपीएमला हवी. मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट जास्त वेळ एकदम उघडे राहतात, आयडलला इंजिनात तयार होणारा व्हॅक्यूम कमी पडतो, आणि माझे पॉवर ब्रेक त्याच व्हॅक्यूमवर चालतात. हे मी धरलंच नव्हतं. शेवटी तुम्ही कागदावर लिहून दिलंत: इनटेक आणि एक्झॉस्टचं ड्युरेशन २०४ आणि २१४ अंश, लिफ्ट ४२० आणि ४४३, लोब सेपरेशन (कॅमवरच्या त्या दोघांच्या उंचवट्यांमधलं अंतर) ११२ अंश. तो तेलकट कागद मी जपून ठेवलाय.

पहिल्यांदा सुरू करतानाचं तर विसरणारच नाही. फ्लॅट टॅपेट कॅम, म्हणजे कॅमचे उंचवटे सपाट टॅपेटवर घासत फिरतात, म्हणून झिंकवालं ऑइल, आणि सुरू झाल्या झाल्या २,००० ते २,५०० आरपीएमवर २० मिनिटं, आयडलला सोडायचंच नाही. ती २० मिनिटं तुम्ही फोन कानाला लावून इंजिन ऐकत होतात. एक टॅपेट वाजतोय म्हणून मी घाबरलो, तुम्ही म्हणालात, "थांब, तेल पोचू दे." थोड्या वेळात तो गप्प झाला.

काल ट्रेलर जोडून बाहेर काढला. आयडलला व्हॅक्यूम १८ इंच (पाऱ्याचे), ब्रेक हलका, चढावर गिअर खाली टाकावा लागला नाही.

तुमचा डायल गेज आणि त्या दोन हलक्या स्प्रिंगा माझ्याकडेच आहेत. पुसून, तेलाचा हात देऊन डब्यात ठेवल्यात. रविवारी ट्रक घेऊनच येतो, काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
पिकअपवाला